ओरिजनल देऊन झेरॉक्स

आमच्या मावससासूबाईंनी मनावर घेतलं तर त्या देवाकडूनही रहिवासी दाखला काढून आणतील, आणि देवानं तलाठ्याकडं बोट दाखवलं तर तो दाखला हातात पडेपर्यंत देवाला तिथंच बाकड्यावर बसवून ठेवतील. हे मी कौतुकानं लिहीत नाही. वारंगा फाट्यावर माझं पाइप, ताडपत्री आणि सिमेंटचं दुकान आहे. एका पत्र्याच्या टपरीपासून दोन गाळ्यांपर्यंत आलो तो तोंडाच्या जोरावर. ठोक व्यापाऱ्यापासून ट्रकवाल्यापर्यंत कुणाशीही घासाघीस करताना मी तोट्यात उठलेलो नाही, आणि माझ्या रागाला फाट्यावर एक मान आहे. आयुष्यात फक्त ह्या एका बाईनं मला व्यवहारात नागवलं आणि वर म्हणाल्या, "जावईबापू, आता चहा सांगा." ह्याची तक्रार मी बायकोजवळ करून पाहिली. पण बायको पडली त्यांच्याच बहिणीची लेक. तिथं दाद लागली नाही, म्हणून इथं लिहितो.

मावशी शिरड शहापूरच्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या. मालक लवकर गेले, आणि विधवा म्हणून मिळणारे महिन्याचे पैसे लागू व्हायला त्यांना अडीच वर्षं लागली. दर खेपेला एकच कागद कमी पडायचा आणि दर खेपेला तो वेगळा असायचा. दुसरी एखादी बाई कपाळाला हात लावून घरी बसली असती. मावशींनी मात्र असं ठरवलं की ह्यापुढं आपल्या ओळखीतल्या कुणाचाही कुठलाही कागद कमी पडता कामा नये. तेव्हापासून त्यांच्या खांद्याला जी पिशवी लागली ती उतरलीच नाही. गवंड्याच्या हाताखाली विटा देणाऱ्या बायका, हळद निवडणाऱ्या, मोंढ्यातले हमाल, ज्यांच्या घरी सगळे दिवसभर राबतात आणि तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेलाची बाटली उपडी करून ठेवावी लागते, अशा सगळ्यांचे कागद त्या पिशवीत. एकाचाही रुपया त्यांनी कधी घेतला नाही. कुणी फार आग्रह केला तर म्हणायच्या, "बसचं अर्धं तिकीट काढ माझं, आन् खिडकीची जागा धर."

ती पिशवीही माझ्याच दुकानातली. आमचं लग्न झाल्यावर मावशी पहिल्यांदा फाट्यावर आल्या, ताडपत्रीचा भाव विचारला आणि जांभळाचं बी तोंडात आल्यासारखं तोंड केलं. मग म्हणाल्या, "कापताना तुकडा उरतो, त्याचं काय करता?"

"काही न्हाई. फेकतो."

"मग तो मला द्या."

मी म्हटलं, नवी सासू आहे, देऊ. पण त्या दिवशी उरलेले तुकडे होते वीतभर. मावशींनी काय करावं? शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या. त्याच्या कडब्याची गंजी किती लांब, वारा कुठून येतो, पाणी कुठून शिरतं, सगळं विचारलं आणि त्याला ताडपत्री अशा मापाची घ्यायला लावली की मला नवं बंडल फोडावं लागलं. त्यातून उरलेला तुकडा बराबर त्यांच्या पिशवीच्या मापाचा निघाला. गिऱ्हाईक खूश, मावशी खूश, आणि मी शिवून द्यायला पलीकडच्या शिंप्याला सांगितलं ते वेगळंच.

माणसाची ओळख मावशी कागदावरून ठेवतात. "ती गोरीपान, उंच" असं त्यांच्या तोंडी येत नाही. "ती पासबुकावर आडनाव चुकलेली" किंवा "तो आधारला मोबाइल न जोडलेला" म्हटलं की त्यांच्या गावात सगळ्यांना कळतं. लग्नाला गेल्या की अक्षता पडायच्या आत नवरीच्या कानात विचारतात, "नाव बदलायचं का न्हाई ते ठरवलं का, बाई? बदलायचं असंल तर आजच्या फोटोत हार नीट दिसू दे." बाळ बघायला गेल्या की आधी जन्माचा दाखला मागतात, मग टोपरं. माझ्या मेहुणीला एक चांगलं स्थळ आलं होतं. पोरगा धट्टाकट्टा, घरचा ट्रॅक्टर. मावशींनी शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख ताडून पाहिली आणि स्थळ मोडलं. "ज्याच्या दोन जन्मतारखा हाईत त्याचा एक शब्द कसा असंल?" त्या पोराचं पुढं दुसरीकडं जमलं. मावशीच पहिल्या गेल्या आणि त्याची तारीख दुरुस्त करून आल्या.

पिशवीत एक स्टीलची डबी असते. तिच्यात शिजवलेला भात. हा भात खायचा नसतो, अर्जावर फोटो चिकटवायचा असतो. "डिंकानं लावलेला फोटो फायलीत पडून जातो. शितानं लावला की साहेब रिटायर होतो, पण फोटो हालत न्हाई." फोटो कुंकवाच्या रिकाम्या डब्यांत, गल्लीवार लावलेले. आणि पिशवीच्या तळाशी सुई-दोरा आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे, कारण मावशी कुठल्याही लाईनीत रिकाम्या बसत नाहीत, वाकळ शिवतात. ज्या कामाच्या लाईनीत वाकळ झाली तिचं नाव त्या वाकळेला. आमच्या घरी उत्पन्नाच्या दाखल्याची एक आहे, ती लेकराच्या अंगालाही पुरत नाही, कारण दाखला दोन दिवसांत मिळाला. निराधारची आहे, ती मात्र दोन माणसांना पांघरून पायाशी उरते.

आणि त्यांचा एक नियम आहे, तो आमच्याकडच्या बायकांना आरतीसारखा पाठ आहे. "ओरिजनल कुणाच्या हातात सोडायचं न्हाई. झेरॉक्स द्यायची. ओरिजनल दाखवायचं, पण आपलं बोट कोपऱ्यावरून काढायचं न्हाई." हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खिडकीच्या आत बसलेला बाबू कागदाचं एक टोक धरून वाचतोय, बाहेर मावशींनी दुसरं टोक धरलंय, आणि दोघांमध्ये कागद वाळत घातलेल्या धोतरासारखा ताणलाय. बाबू म्हणाला, "मावशी, सोडा की, खाणार न्हाई मी." मावशी म्हणाल्या, "वाचा तुमी बिनघोर. मी नुसतं धरून राहिले."

आता माझी तक्रार सांगतो.

माझ्याकडं एक केशरी रेशन कार्ड होतं, धान्य मिळणारं. ते काढलं तेव्हा मी टपरीवर होतो आणि माझी आई, गयाबाई, हळदीच्या गोदामात चाळणीवर बसायची. तिच्या नावानं कार्ड निघालं. त्यावर सही करायची होती. आईला अंगठाच द्यायची सवय. पण मला तेव्हाही राग फार होता. मी म्हटलं, अंगठा न्हाई द्यायचा, तुझं नाव तू लिहायचं. तीन दिवस टपरीवर फरशीच्या तुकड्यावर खडूनं गिरवून घेतलं. हळदीनं पिवळी झालेली बोटं, त्यात खडू. चौथ्या दिवशी तिनं कार्डावर 'गयाबाई' लिहिलं. अक्षरं चढावर निघालेल्या बैलगाडीसारखी वर वर गेलेली, आणि 'बा'चा काना थेट चौकटीच्या बाहेर. आयुष्यात तिनं केलेली ती एकच सही. नंतर आई गेली. दुकान वाढलं. मोटरसायकल गेली, चारचाकी आली. कार्ड राहिलं. बायको महिन्याच्या महिन्याला धान्य आणायची. तांदूळ धिरड्यांना जायचा आणि गहू माझ्या म्हशीला. आईचं नाव मी काढलं नाही. त्या अर्जाचं नावच 'नाव कमी करण्याचा अर्ज' असं आहे. मी तो एकदा आणला होता, वाचला आणि फाडला.

मग रेशनवर कार्डावरच्या प्रत्येक नावाचा अंगठा घ्यायला सुरुवात झाली. आमच्या कार्डावर एक अंगठा कमी पडतोय हे बायकोनं मावशीला फोनवर सांगितलं. कागद कमी पडला म्हटल्यावर मावशी थांबतात होय? दुसऱ्या दिवशी एसटी बदलून फाट्यावर हजर. कार्ड पाहिलं, उलटंपालटं केलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडं तो हमाल हाय न, किसन? त्याचं काय कार्ड हाय?"

किसन माझ्याकडं आठ वर्षं सिमेंटच्या गोण्या उतरवतो. भावांपासून वेगळा निघाला, वेगळं कार्ड काढलं, पण त्यावर धान्य नाही. तालुक्याला जितकी नावं धान्याच्या यादीत बसतात तितकी भरलेली. कुणी बाहेर पडलं तर आत घेणार. त्याची बायको सुनीता हळद निवडायला जाते, दोन लेकरं. दोघांची मजुरी किराण्यात जाते, आणि पावसाळ्यात काम बसलं की लेकरांना मामाकडं पाठवतात. हे मावशींना कसं माहीत? येताना बसमध्ये सुनीता भेटली होती. मावशींच्या बसमध्ये कुणी ना कुणी भेटतंच.

"किसनचं नाव यादीत वरच हाय," मावशी म्हणाल्या. "एक जागा मोकळी व्हायला पायजे."

मला कळायला वेळ लागला नाही. मी असा भडकलो की समोरच्या चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. म्हटलं, हे कार्ड मला कुणी फुकट दिलं न्हाई. तीन दिवस लाईनीत उभा होतो. फाट्यावर माझ्यापेक्षा मोठे लोक केशरी कार्डावर गहू उचलतात, आधी त्यांच्याकडं जा. मीच काहून?

"तेंच्याकडं बी जाणार हाय," मावशी म्हणाल्या. "पण तेंची मी सासू न्हाई."

आणि दुकानाच्या दारात सिमेंटच्या गोणीवर बसून त्यांनी वाकळ काढली.

तीन दिवस. सकाळी बायकोच्या हातची भाकरी खाऊन यायच्या, गोणीवर बसायच्या आणि टाके घालायच्या. सासूबाई दारात बसलेल्या, त्यांना उठा म्हणायची सोय नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, इथं कशाची लाईन?"

"जावईबापूच्या रागाची. माझा पहिलाच नंबर हाय."

गिऱ्हाईक हसायचं, आणि मला भाव पाडून मागायचं, कारण हसलेल्या माणसावर मला ओरडता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी माझा डाव टाकला. म्हटलं, "मावशी, आपण सौदा करू. कार्ड ऱ्हाऊ द्या. किसनला दर महिन्याला एक पोतं गहू अन् तांदूळ मी देतो. माझ्या पदरचा. रेशनपेक्षा चांगला, खडे न्हाईत. बोला."

हा सौदा चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो. मावशींनी दात लावून दोरा तोडला.

"तुमी देसाल हो. मन मोठं हाय तुमचं, फकस्त आवाज त्याहून मोठा हाय. पण तुमी दिलं की तो उपकार झाला. आन् यादीतून आलं की ते त्याचं झालं. तुमचं पोतं खाऊन तो उद्या तुमच्या म्होरं उभा राहून मजुरी वाढवा म्हणंल का?"

आतल्या गाळ्यात किसन गोण्या रचत होता. त्यानं ऐकलं का नाही मला ठाऊक नाही. गोण्यांचा आवाज मात्र थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. मला तेव्हा आठवलं ते गोदामाच्या मालकाचं. दिवाळीला तो आईला एक लुगडं द्यायचा, आणि मग वर्षभर आईनं कधी त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नाही. मला त्या लुगड्यांचा राग होता. त्या रागावरच मी टपरी टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोणीशेजारी जाऊन बसलो आणि कार्डाच्या शेवटच्या पानावरची सही मावशींना दाखवली. खडूचं सांगितलं, फरशीचं सांगितलं. मावशींनी ते पान डोळ्यांजवळ नेलं. मग वाकळेची घडी घातली.

"तुमची आई म्या दोनदाच पाहिली," त्या म्हणाल्या. "लई बोलत नव्हती."

"न्हाई."

"उद्या जाऊ. हे पान मी परत आणते. शब्द हाय माझा."

बघा, व्यवहार ठरला होता. कार्ड मी देणार, सहीचं पान त्या परत आणणार. ह्याला साक्षीदार म्हणून चहावाला आहे.

तालुक्याच्या ऑफिसात खिडकीमागं एक पोरसवदा बाबू होता, बोलायला नरम. आम्ही धान्य सोडतोय म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. त्याच्या खिडकीशी लोक घ्यायला येतात, द्यायला कुणी येत नाही. आईचं नाव कमी करायचा अर्ज मावशींनीच भरला. मला वरचं शीर्षक दिसू नये म्हणून त्यावर भाताची डबी ठेवून मला फक्त सहीची जागा दाखवली. मग बाबूनं कार्ड मागितलं. मावशींनी कार्ड आत सरकवलं आणि सवयीप्रमाणं कोपरा धरून ठेवला.

"हे जमा करावं लागतं, मावशी. फायलीला लागतं. तुमाला पांढरं मिळंल, बिनधान्याचं."

"धरा की. फकस्त मागचं पान सोडा."

"पान फाडलं तर कार्ड बाद धरतात. मग दुसऱ्याचं नाव घ्यायला पुन्हा अडचण."

मावशी अर्धा तास भांडल्या. साहेबापर्यंत गेल्या. ज्या बाईनं इतकी वर्षं जित्या माणसांच्या हक्कासाठी भांडण केलं, ती त्या दिवशी माझ्या मेलेल्या आईच्या चार अक्षरांसाठी भांडत होती. मी त्यांना कधी कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी जोडले. साहेबही वाईट नव्हता. म्हणाला, "नियम माझ्या हातात नाही. पण झेरॉक्स काढून घ्या, शिक्का मारून देतो." मावशी परत खिडकीशी आल्या. एका टोकाला बाबू, एका टोकाला मावशी, मध्ये कार्ड. आणि मग मी त्यांचं बोट सुटलेलं पाहिलं. सगळ्या जिल्ह्याला "ओरिजनल सोडू नका" म्हणणाऱ्या बाईनं एकच ओरिजनल सोडलं, आणि ते माझं.

बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात झेरॉक्स ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. "जावईबापू, आता चहा सांगा," म्हणाल्या. मी चहा सांगितला, आणि सगळ्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मूळ माल देऊन झेरॉक्स घेतलेला जिल्ह्यात मी एकटाच व्यापारी असंल." त्यांनी बशीत चहा ओतला.

तिसऱ्या महिन्यात किसनच्या कार्डावर धान्य लागलं. कुणाच्या जागेवर लागलं हे त्याला सांगायचं नाही अशी मावशींची सक्त ताकीद. त्या दिवशी सुनीता गव्हाचा कट्टा डोक्यावर घेऊन दुकानावर आली. रेशनवाल्याकडं आपला अंगठा पहिल्यांदा लागला, मशीन हिरवं झालं, हे सांगताना ती आपल्या अंगठ्याकडंच बघत होती. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात किसन माझ्यासमोर येऊन उभा राहिला, घसा खाकरला आणि मजुरी वाढवून मागितली. बरोब्बर मावशी म्हणाल्या तसं. मी त्याच्यावर तासभर ओरडलो. तो हलला नाही. खाली बघितलं नाही. शेवटी मी वाढवली. म्हशीला आता गहू विकत घ्यावा लागतो तो वेगळाच.

ह्याला दोन वर्षं होत आली. मावशींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. अर्ज आता मोबाइलवर भरतात, लाईनी कमी झाल्या, त्यामुळं वाकळाही कमी झाल्या. गल्लीतल्या पोरी ओटीपीचं बघतात. मावशी नुसत्या शेजारी बसून "नाव नीट घाल, बाई" म्हणतात. पिशवीची एक शिवण उसवलीय. मी नवी ताडपत्री देतो म्हटलं तर म्हणाल्या, "उरलेली असली तर द्या."

ती झेरॉक्स माझ्या गल्ल्यात आहे. पैसे काढता-घालता सिमेंटचा हात लागतो, त्यानं काळं उडत चाललंय. शिक्का अजून दिसतो, सही दिसेनाशी झाली. परवा मावशी आल्या होत्या. मी तो कागद त्यांच्यासमोर टाकला आणि म्हटलं, "बघा. झेरॉक्स बी जाऊन राहिली. तुमचा शब्द."

मावशींनी कागद उचलला, उजेडाकडं धरला. पिशवीतून पेन काढलं, गोणीवर बसल्या, मांडीवर पिशवी ठेवून तिच्यावर कागद पसरला आणि चांगला डोळा जवळ नेऊन ती सही गिरवायला लागल्या. 'ग' वर चढायला लागला.

"सुधारू नका," मी म्हणालो. माझा आवाज उगाच मोठा निघाला.

"म्या काहून सुधारू? सही ज्याची त्याची असती."

'बा'चा काना त्यांनी चौकटीच्या बाहेर नेला, जितका आईनं नेला होता तितकाच. मग फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद माझ्यापुढं केला. मी एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला त्यांचं बोट होतंच.

"सोडा की, मावशी," मी म्हणालो. "झेरॉक्सच हाय ती."

मावशींनी एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं.

"आता न्हाई," त्या म्हणाल्या.

मी ओढला नाही. दोघांच्या हातात तो कागद तसाच राहू दिला, आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली.